‘नस चढली’ म्हणजे नेमकं काय चढलं?

सप्टेंबरातली सकाळ. पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, निंदण जोरात, आणि ऊन असं की पावसाळा सुरू आहे यावर विश्वास बसू नये. उपकेंद्राच्या पायरीवर एक काकू पाय लांब करून बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “सिस्टर, राती पायाची नस चढली वं बाई. जीव चालला होता. नस उतराची एखादी गोळी दे मले.”

“कोणती नस, काकू?”

त्यांनी पोटरीवर हात ठेवला. “हे काय, इथंच. गोळा आला होता असा.”

त्याच आठवड्यात नसेची आणखी चार माणसं माझ्याकडे आली. एका ट्रॅक्टरवाल्याची कमरेतली नस दबली होती आणि कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. कबड्डी खेळताना एका पोराची टाचेमागची नस तुटली होती. सातव्या महिन्यातल्या एका बाईच्या पायांवरच्या नसा फुगून निळ्या-जांभळ्या झाल्या होत्या. आणि जुलाबाने गळालेल्या एका आजोबांना सलाईन लावायला बसले तर माझ्याच तोंडून निघालं, “नस नाही सापडून रायली.”

पाच माणसं, शब्द एक, आतल्या वस्तू चार. काकूंचा होता स्नायू, ट्रॅक्टरवाल्याचा मज्जातंतू, पोराची कंडरा आणि उरलेल्या दोघांच्या शिरा. मनगटाची नाडी बघतो तीही आपल्या बोलीत नसच, म्हणजे धमनी धरली तर पाच.

मराठी शाळेतून नर्सिंगला गेलेल्या माझ्यासारख्या पोरींना पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक उघडलं की घाम फुटतो. एवढी नावं पाठ कोण करणार, असं वाटतं. पण ॲनाटॉमी या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच कापून वेगवेगळं करणं असा आहे. जिथं आपण एकच शब्द वापरतो तिथं आत किती निराळ्या गोष्टी आहेत, हे ती दाखवते: काय, कुठं, कशाला लागून, कशाचं बनलेलं. मराठीत शरीररचनाशास्त्र. फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, पुढचं विचारते: ते चालतं कसं, जोर केव्हा लावतं, थांबतं केव्हा. मोटर खोलून तिचे भाग मांडले ही रचना. ती पाणी कसं खेचते ही क्रिया. दोन्ही विषय एका पुस्तकात शिकवतात, कारण भागाचा आकार पाहिला की त्याचं काम बहुतेक वेळा ओळखता येतं.

तर आधी सलाईनवाली नस. ती शीर. हाताच्या मागच्या बाजूला निळसर दिसते, दाबली की दबते, कापली तर रक्त संथ वाहतं. मनगटाला अंगठ्याच्या बाजूने बोटं ठेवल्यावर ठोका लागतो ती धमनी. ती कापली तर रक्त उसळ्या मारत येतं. हृदयाकडून निघते ती धमनी आणि हृदयाकडे परतते ती शीर, नावं एवढ्यावरच ठरतात. शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त असा हिशोब शाळेत पाठ केलेला असतो, पण फुप्फुसाच्या वाटेवर तो उलटा होतो. तिकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. म्हणून दिशा लक्षात ठेवावी, रंग नाही.

ज्याच्या वावरात ठिबक आहे त्याला पुढचं फार सांगावं लागत नाही. मोटरीजवळचा मेन पाइप जाड, कारण दाब तिथं सगळ्यात जास्त. मग सबमेन, मग लॅटरल, शेवटी ड्रिपर. धमनीची भिंत अशीच जाड, वर रबरासारखी लवचिक, कारण हृदयाचा प्रत्येक धक्का तिला सोसायचा असतो. दंडावर पट्टा गुंडाळून आपण १२०/८० मोजतो तो या धमनीतला दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. परत येणारं रक्त हृदयाजवळ पोचतं तेव्हा शिरेतला दाब दहाच्याही खाली उतरलेला असतो. शिरेची भिंत म्हणून पातळ.

मग दाबच उरला नसेल तर पायातलं रक्त वर चढतं कसं? हा प्रश्न विहिरीवर राबलेल्या माणसाला विचारला तर तो ‘फुटवॉल’ म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पाइपच्या तळाशी बसवलेला फुटवॉल वर चढलेलं पाणी परत विहिरीत सांडू देत नाही. पायांच्या शिरांमध्ये असे झडपेसारखे छोटे पडदे जागोजागी असतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की मधली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं. स्नायू सैल झाला की पडदे मिटतात. पोटरी म्हणजे पायातला दुसरा पंपच. गरोदरपणात शिरांच्या भिंती सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरांवर पडतो, पडदे नीट मिटेनासे होतात आणि रक्त खाली साचून शिरा फुगतात. त्या सातव्या महिन्यातल्या बाईला मी पाय उशीवर ठेवून झोपायला आणि एका जागी ताटकळत उभं न राहायला सांगितलं. तिच्या सासूबाईंना ते फारसं पटलं नाही, पण तो विषय निराळा.

हे पडदे बोटाने दाखवता येतात. १६२८ साली विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टराने त्यांचं काम असंच जगाला दाखवलं. मी आशाताईंच्या बैठकीत दाखवते. बारीक अंगाच्या माणसाच्या दंडाला रुमाल बेताने आवळायचा आणि मूठ उघड-मीट करायला सांगायचं. हातावरच्या शिरा फुगतात, मधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढे उंचवटे दिसतात. तिथं पडदा आहे. आता मनगटाच्या बाजूने एका बोटाने शीर दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने पुढचं रक्त कोपराकडे, एका उंचवट्याच्या पलीकडे पुसत न्यायचं. मधला तुकडा सपाट होऊन राहतो, वरचं रक्त खाली उतरतच नाही. मनगटाकडचं बोट उचललं की झरकन भरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बैठकीतल्या सगळ्या जणी आपापले हात बांधून बसल्या होत्या. खेळ झाला की रुमाल लगेच सोडायचा.

हार्वेच्या आधी युरोपातले डॉक्टर समजत की अन्नापासून नवं रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं. त्यांच्याकडचं शिक्षण तेराशे-चौदाशे वर्षं जुन्या ग्रंथांवर चाललं होतं, आणि त्या ग्रंथांतली बरीचशी माहिती जनावरं कापून मिळवलेली. आपलंही काही वेगळं नाही. गावात शरीराच्या आतलं ज्ञान येतं ते मटणाच्या दुकानातून. कलेजी, गुर्दा, भेजा सगळ्यांना ओळखू येतात. फक्त बोकडाच्या जठराला चार कप्पे असतात आणि माणसाच्या जठराला एकच, त्यामुळे वजडी पाहून आपलं पोट समजत नाही. आणि कलेजी म्हणजे यकृत असताना ‘काळजात धस्स झालं’ म्हणताना आपण हात छातीवर, हृदयाकडे नेतो. तर हार्वेने साधा हिशोब मांडला होता. आजचे आकडे घातले तर तो असा होतो: हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला ठोके ७० धरले तर जवळपास ५ लिटर. १५ लिटरचा फवारणी पंप तीन मिनिटांत भरेल. दिवसाचे होतात ७,००० लिटर. एवढं नवं रक्त रोज तयार करायला माणसाने खावं तरी किती! अंगात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त फिरत असणार, दुसरा मार्गच नाही.

ठिबकमध्ये खरं दुखणं ड्रिपरचं असतं. शरीरात त्या जागी केशवाहिन्या आहेत, केसाहून कितीतरी बारीक. लाल पेशी त्यातून एकामागे एक, कुठं कुठं अंग मुडपून जातात. लाल पेशी मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाएवढी, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली आणि मऊ. तो मऊपणा गेला की काय होतं हे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. तिथं सिकलसेल हा शब्द घराघरांत पोचलेला आहे. सिकल म्हणजे विळा. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये १४६ कड्यांची एक साखळी असते. या आजारात तिची सहावी कडी बदललेली असते, बस एवढंच. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते. अशा पेशी केशवाहिनीत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडं फुटल्यासारखी दुखतात. चांगली लाल पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत मोडते, मग रक्त कमी पडतं. अंगातलं पाणी आटलं, ताप आला, थंडी बाधली की त्रास उफाळतो. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष पुढे देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. पत्रिका जुळवायला चार गावं फिरणाऱ्या लोकांनी रक्ताची ही तपासणी आधी करावी असं मी तोंडावर सांगते, आणि काहींना राग येतो.

पेशीवरून पुढची पायरी ऊती. हा शब्द नर्सिंगला असताना काही केल्या माझ्या डोक्यात बसत नव्हता. मग कुणीतरी सांगितलं की संस्कृतात ऊती म्हणजे विणणं. टिश्यू हा शब्दही विणलेल्या कापडावरूनच आलेला. कापसाच्या मुलखातल्या पोरीला मग विसरायचं कारण उरलं नाही. तंतू म्हणजे पेशी, विणलेलं कापड म्हणजे ऊती, सदरा म्हणजे अवयव, अंगावरचा अख्खा पोशाख म्हणजे संस्था. त्यात गंमत अशी की कापसाचा एकेक तंतू खरोखरच एकच पेशी असते, सरकीच्या सालीवरची, लांबत लांबत गेलेली. शरीरातलं कापड चारच प्रकारचं: झाकणारं, जोडणारं, आवळणारं आणि निरोप नेणारं. पुस्तकी नावं अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. कातडी, हाड, हृदय, आतडं, सगळं या चार कापडांच्या मिळवणीतून शिवलेलं.

आता ट्रॅक्टरवाल्याची नस. ती निरोप नेणारी, मज्जातंतू. शिरेसारखी पोकळ नसते, त्यातून रक्त वाहत नाही. मोटरीच्या केबलसारखी हजारो बारीक तारांची जुडी असते. कमरेतून निघून कुल्ल्यामागून मांडीच्या पाठीमागे उतरते ती शरीरातली सगळ्यात जाड, बोटाएवढी. मणक्यांमधली गादी सरकून या जुडीच्या मुळाला लागली की कळ अंगठ्यात उठते. बिघाड कमरेत, दुखणं पायात. या गड्याने पंधरा दिवस अंगठ्याला बाम चोळला होता.

मज्जातंतू स्वतःच्या अंगावर अनुभवायचा असेल तर कोपर दाराच्या चौकटीवर आपटलेला आठवा. करंगळीपर्यंत करंट जातो. तिथं तंतू हाडाला लागून, कातडीच्या अगदी खाली असतो. आणि पायाला ठेच लागते तेव्हा लक्ष द्या: आधी एक चटकन कळ येते, ती ओसरत नाही तोच दुसरी, ठणकणारी, सावकाश येते. ठेच एकच असते. चटकन येणारा निरोप जलद तारांतून येतो, ठणका मंद तारांतून. या मंद तारांत निरोपाचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे आपल्या चालण्याएवढाच. हात-पाय हलवायचा हुकूम नेणाऱ्या जाड तारांत तोच वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो.

हा तंतू स्नायूपर्यंत पोचतो, पण त्याला चिकटत नाही. मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. निरोप आला की तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सांडतं, ते पलीकडे लागलं की स्नायू आवळतो. आणि लगेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, फटीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन तोडून टाकतं. तोडलं नाही तर स्नायू आवळलेलाच राहील. स्टार्टरचं लाल बटन म्हणा ना.

आपल्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात, तोही शब्दांचा घोळच. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारातली औषधं नेमकी या लाल बटनावर बसतात. विकर निकामी होतं, ॲसिटिलकोलीन साचत जातं. ते फक्त हातापायांच्या स्नायूंसाठी नसतं. लाळ, घाम, अश्रू, आतडी, श्वासनळ्या, डोळ्याची बाहुली, हृदयाची गती, सगळीकडे त्याचंच राज्य. म्हणून बाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, घामाने तो निथळतो, जुलाब-उलट्या होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, नाडी मंद होऊ शकते. शेवटी श्वासनळ्या द्रवाने भरतात आणि श्वास घेणारे स्नायू थकतात. पुस्तकात ही लक्षणं पाठ करायला वेगवेगळी लिहिलेली असतात. लाल बटन समजलं की पाठ करायला काही उरत नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो भरती झाले. सगळ्यांना याच एका प्रकारची बाधा होती असं नाही, दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारली जात होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दमट हवा, घामाने ओली कातडी, आणि पाठीवरचा पंप गळका. विष तोंडावाटेच जातं हा आपला समज. ते कातडीतून आणि श्वासातून जातं. कपडे लगेच काढून साबणाने अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा, आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्यायची. दवाखान्यात ॲट्रोपीन देतात. ते ॲसिटिलकोलीनला ग्रंथींवर, श्वासनळ्यांवर आणि हृदयावर लागू देत नाही, पण स्नायूंचं दुबळेपण त्याने भरून निघत नाही. कोणतं औषध बाधलं हे त्या बाटलीवरून कळलं तर पुढचा इलाज ठरतो.

कबड्डीच्या पोराची गोष्ट लहान आहे. स्नायू हाडाला बांधणारा पांढरा चिवट दोर म्हणजे कंडरा. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, पाय मुरगळतो तेव्हा बहुधा हा ताणलेला असतो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. कासऱ्याने बैल ओढता येतो, ढकलता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना कासरा लागतो. दंडात पुढचा स्नायू हात वाकवतो, सरळ करायला मागचा निराळा. या पोराला मी पालथं झोपवून पोटरी दाबली. धड पायाची दाबली तर पाऊल हललं, दुसऱ्या पायाची दाबली तर ढिम्म. दोर तुटलेला. गरम हळदीचा लेप लावून बसण्यात चार दिवस गेले होते, तो तालुक्याला गेला तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आम्हा दोघांनाही ऐकावं लागलं.

आणि काकू. त्यांची नस म्हणजे पोटरीचा स्नायू, आणि तो वर चढला नव्हता, आवळून बसला होता. स्नायूत दोन जातीचे बारीक धागे एकमेकांत घुसतात तेव्हा तो आखूड होतो. आवळायला ताकद लागते हे सगळ्यांना माहीत, पण सैल व्हायलाही लागते. धागे सुटायला पेशीतलं तेच इंधन खर्च होतं. माणूस मेल्यावर अंग ताठ होतं ते याचमुळे, इंधन संपतं आणि धागे अडकून राहतात. दिवसभर उकिडवं बसून निंदलेली पोटरी थकलेली, घामावाटे मीठ गेलेलं. अशा वेळी स्नायूकडे जाणारे मज्जातंतू उगाच निरोप सोडत राहतात. गोळीने त्या क्षणी काही होत नाही. पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढायचा, स्नायू ताणला की सुटतो.

“मीठ गेलं म्हणजे? जेवणात तं टाकतोच आपण,” काकू म्हणाल्या.

इथं मला उन्हाळ्याबद्दल बोलावं लागलं. आपलं अंग आतून ३७ अंशांच्या आसपास राहायला पाहिजे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते, आणि ती बाहेर टाकायला शरीराकडे एकच साधन उरतं, घाम. तेही घाम सुकला तरच. कूलर हेच करतो: वाळ्याच्या जाळीवरचं पाणी उडून जाताना गारवा देतं. सप्टेंबरात दमट हवेत कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, तसाच घामही अंगावरून ओघळून वाया जातो. म्हणून ३६ अंशांतही निंदणाऱ्या बाईला भोवळ येते.

अंगातली गरमी वाढली की मेंदूतल्या एका छोट्या केंद्राला कळतं, ते घाम सोडायला लावतं, कातडीखालच्या वाहिन्या रुंद करतं. गरमी उतरली की तेच केंद्र घाम थांबवतं. टाकीतला बॉलकॉक असाच चालतो. पाणी वाढलं की वाढलेलं पाणीच नळ बंद करतं. साखर, पाणी, मीठ, दाब, सगळ्याचे असे बॉलकॉक शरीरात आहेत. याला समस्थिती म्हणतात. १९२६ साली वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला इंग्रजीत होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. माझं मत विचाराल तर फिजिऑलॉजीत एकच गोष्ट शिकायला वेळ असेल तर ही शिकावी. उष्माघात म्हणजे हाच बॉलकॉक तुटणं: अंग ४० अंशांच्या वर, माणूस बरळतो. तिथं पाणी पाजत बसायचं नसतं. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्यायचं.

मूत्रपिंडांचा बॉलकॉक पाण्याचा. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड लिटरच्या आसपास बाहेर सोडतात, बाकी सगळं परत रक्तात घेतात. पाणी कमी पडलं की आणखी हात आखडता घेतात. लघवी पिवळी, थोडी आणि जळजळती होते. आपण म्हणतो उन्हाळी लागली. घामात पाण्याबरोबर मीठही जातं, आणि त्यावर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. ओआरएसमध्ये साखर कशाला, असं विचारतात. ताकदीसाठी नाही. आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की त्यातून मीठ आणि ग्लुकोज हात धरूनच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मूठ-चिमटीचं माप चुकतं, मीठ जास्त पडलं तर उलट पाणी ओढतं.

असाच घोळ ‘पित्त’ या शब्दाचा. पित्तरस यकृतात बनतो, हिरवट-पिवळा, चरबी पचवायला लागतो. आपण ज्याला पित्त झालं म्हणतो ती बहुधा जठरातल्या आम्लाची जळजळ. आणि कधीकधी दोन्ही नसतं. शेजारच्या गावातले एक भाऊ पित्त समजून रात्रभर सोडा पीत बसले, छाती दाटलेली, घाम सुटलेला, जबडा आणि डावा हात भरून आलेला. तो हृदयाचा झटका होता. हृदयाचे आणि हाताचे तंतू पाठीच्या कण्यात एकाच दारातून आत शिरतात, मेंदूला पत्ता नीट कळत नाही. अपेंडिक्स सुजलं की पहिल्यांदा बेंबीपाशी दुखतं ते याच कारणाने. मागून दुखणं खाली उजवीकडे सरकतं. इथं उजवीकडे म्हणजे रोग्याच्या उजवीकडे, समोर उभ्या माणसाच्या नाही. नवशिक्या पोरी पहिल्या महिन्यात हमखास इथं चुकतात, मीही चुकले होते.

दवाखान्याच्या कागदावरचे शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे असतात, जोडलेले. हेपॅटो म्हणजे यकृत, नेफ्रो मूत्रपिंड, गॅस्ट्रो जठर, आर्थ्रो सांधा, मायो स्नायू. मागे आयटिस लागलं तर दाह, एक्टॉमी लागलं तर तो भाग काढलेला, अल्जिया लागलं तर दुखणं. पुढे टॅकी असेल तर जलद, ब्रॅडी असेल तर मंद. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. बोलताना ही दोन सारखीच ऐकू येतात, म्हणून रजिस्टरात मी नेहमी आकडा लिहिते.

चार दिवसांनी काकू ग्रामीण रुग्णालयात जाऊन आल्या. चेहरा पार उतरलेला. हातातला कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “सिस्टर, मोठा रोग निंगाला वाटते. पाह्य बरं काय लिवलं.”

कागदावर एकच शब्द होता, मायाल्जिया.

“काकू, मायो म्हणजे स्नायू. अल्जिया म्हणजे दुखणं.”

“म्हणजे पोटरी दुखते?”

“हाव.”

“हे तं म्याच सांगतलं होतं त्याले!” काकूंनी कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत कोंबली आणि निंदणाला उशीर झाला म्हणत पायरी उतरून गेल्या.